जिनिंगला घातलेला हार

आमच्या घरी बैठकीत एका जिनिंग फॅक्टरीला हार घातलेला आहे.

नवीन माणूस घरी आला की आधी बसतो, पाणी पितो आणि मग त्याची नजर भिंतीकडं जाते. मोठी फ्रेम. आत पडक्या जिनिंगचा काळा-पांढरा फोटो: गंजलेलं फाटक, पोपडे आलेली भिंत, तिच्यावर अर्धवट पुसलेली अक्षरं, एक कडुलिंब. फ्रेमला चंदनाचा हार. (चंदनाचा म्हणजे लाकडाच्या भुशाचा. बाजारात मिळतो तो.) खाली मेणबत्ती. पाहुणा बिचारा गोंधळतो. हात जोडावेत का नाही? परवा एक विमा एजंट आला होता. त्यानं बराच वेळ विचार केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "सर, तुमची फॅक्टरी होती काय? बुडाली?"

"नाही हो," मी म्हणालो, "ते आमचे बाबा आहेत."

चहा अर्धा टाकून गेला. पुन्हा फोनसुद्धा केला नाही त्यानं.

आता हे बाबा जिनिंगमध्ये कसे गेले, ते सांगतो. खरं तर ते जिनिंगमध्येच होते. वसमतला गावाबाहेर ही कापसाची जुनी जिनिंग होती, तिथं बाबा फिटर. मशीन बंद पडलं की कमरेवर उजवा हात ठेवायचा, कोपर बाहेर काढायचं आणि मशीनकडं रागानं बघायचं, ही त्यांची पद्धत. मशीन घाबरून सुरू व्हायचं असं दादा म्हणतो. घरीदारी, लग्नात, विहारात, कुठंही उभे राहिले की तो हात कमरेवर जायचाच. विहारात वंदनेच्या वेळी तेवढे दोन्ही हात जोडायचे. वंदना संपली की हात पुन्हा कमरेवर!

आणि दुसरा नाद कॅमेऱ्याचा. नांदेडचा एक फोटो स्टुडिओ बंद पडला, तिथून त्यांनी एक जुना कॅमेरा आणला. त्याला समोर दोन डोळे, एकाखाली एक. वरच्या डोळ्यातून बघायचं, खालच्या डोळ्यातून फोटो निघतो. कॅमेरा पोटाशी धरायचा, त्याच्यावरचं टोपण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. काचेत दिसतं सगळं, पण डाव्याचं उजवं अन् उजव्याचं डावं. एका रिळात फोटो बारा. त्या कॅमेऱ्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. "बोटाचा घाम लागतो," म्हणायचे. आम्हाला वाटायचं, घाम फक्त आमच्याच बोटांना येतो.

लोक आपल्या बायकापोरांचे फोटो बागेत काढतात, धबधब्यापाशी काढतात. बाबा आम्हाला जुन्या पोस्टासमोर उभं करायचे. बंद पडलेल्या टॉकीजसमोर, पडायला आलेल्या कचेरीसमोर. "काहून हो, चांगल्या जागी न्हाई का नेता येत?" आई चिडायची. त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर: "तुमी रोज दिसताल मला. ही भिंत दिसनार न्हाई पुन्हा."

तर बाबा कॅमेऱ्यामागं आणि कॅमेऱ्यासमोर आम्ही: आई, दादा आणि मी. म्हणजे तीन. आणि इथंच सगळा घोळ झाला!

तिघांचा फोटो काढायचा नसतो. काढला तर तिघातला एक जातो. हे आईला तिच्या आईनं सांगितलेलं. आई हट्टा गावची, आणि हट्ट्याची माणसं एकदा ऐकलेलं सोडत नाहीत. बाबा विहारात दर रविवारी अंधश्रद्धेवर बोलायचे. चांगलं बोलायचे. लोक टाळ्या वाजवायचे, आईसुद्धा वाजवायची. पण फोटोच्या वेळी ती ढिम्म हलायची नाही.

"अगं, एक काय, एक दिवस तिघंबी जानारच हायत! फोटोचा काय संबंध?"

"तुमचं बराबर हाय," आई म्हणायची, "पन चौथा आना."

मग बाबा कुरकुरत रस्त्यावर जायचे आणि चौथा आणायचे. जो दिसेल तो. आमचा अल्बम बघाल तर चक्कर येईल. सिद्धेश्वर धरणावर आई, दादा, मी आणि एक मासे धरणारा, हातात जिवंत मासा घेऊन. कनेरगाव नाक्यावर आम्ही तिघं आणि धाब्याचा आचारी, झाऱ्यासकट. मामाच्या लग्नात आम्ही तिघं आणि बँडमधला क्लॅरिनेटवाला. त्यानं माझ्या खांद्यावर असा हात टाकलाय की लोक विचारतात, हे तुमचे धाकटे काका का? एकदा जुन्या डाकबंगल्यासमोर चिटपाखरू नव्हतं. बाबा म्हणाले, "बकरी चालंल का?" आई म्हणाली, "मानूस पायजे." भर उन्हात आम्ही तिघं उभे आणि बाबा कमरेवर हात ठेवून रस्त्याकडं बघतायत! शेवटी एक बोहारीण आली. भांड्याची पाटी डोक्यावर तशीच ठेवून ती आमच्यात उभी राहिली आणि फोटो निघाल्यावर आईला जुन्या साड्या मागायला लागली.

बाबा गेले ते मागच्या थंडीत. दुपारी भाकरी खाल्ली, "जरा आडवं होतो" म्हणाले आणि उठलेच नाहीत. त्यांना काही तकलीफ झाली नाही, असं सगळे म्हणाले. आम्हाला जी झाली ती अजून चालूच आहे.

दुसऱ्या दिवशी फोटो हवा होता. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की घरात बाबांचा फोटोच नाही!

मोबाईलच्या जमान्यात फोटो नाही म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. अहो, कुणी मोबाईल काढला की बाबाच तो हिसकून घ्यायचे. "आन इकडं, तुमाला फ्रेम कळत न्हाई." माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये ते एकदाच आहेत, तेही पाठमोरे. फोटोग्राफरला कुठं उभं राहायचं ते सांगतायत. शेवटी निवडणूक ओळखपत्रावरचा फोटो फ्लेक्सवाल्याला दिला. त्यानं तो मोठा केला, गोरा केला, गळ्याखाली कुणाचा तरी कोट आणि टाय चिकटवला आणि फ्लेक्स चौकात लावला. आई विहाराकडं जाताना तिथं थांबली.

"ह्ये कोन वारलं रं?"

 दादा हळूच म्हणाला, "बाबाच हायत, आई."

"ह्ये ते न्हाईत," आई म्हणाली आणि पुढं निघाली. त्या फोटोची फ्रेम तिनं घरात येऊ दिली नाही. वर्ष होत आलं, पहिला स्मृतिदिन तोंडावर आला, तरी तिचं एकच म्हणणं: "माझ्या मानसाचा फोटो पायजे. दुसऱ्याच्या कोटातला नको."

मग आम्ही सगळे अल्बम घेऊन बसलो. दादा, मी, आई आणि माझी बायको वर्षा. सापडला एक मासेवाला, एक आचारी, एक बोहारीण, दोन होमगार्ड आणि एक माणूस जो कोण होता ते कुणालाच आठवेना. बाबा कुठंच नाहीत. वर्षा पुन्हा पहिल्या पानापासून अल्बम चाळत होती. मग म्हणाली, "एक विचारू का? राग नका मानू."

"विचार."

"त्या परक्या माणसाला चौथा म्हणून उभं करायच्या ऐवजी त्याच्याच हातात कॅमेरा दिला असता, तर चौथे बाबाच झाले असते ना?"

 मी दादाकडं बघतोय, दादा माझ्याकडं. दादानं उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली. माणसं मोजणं हाच त्याचा धंदा. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. बाबा तर बिघडलेलं मशीन नुसतं बघून सुरू करणारे. आणि एवढ्या वर्षांत ही गोष्ट आमच्या एकाच्याही टाळक्यात आली नाही! मला हसू आलं आणि हसता हसताच मी पाणी प्यायचं निमित्त करून उठलो.

"ते देत नव्हते कुनाच्या हातात कॅमेरा," आई अल्बम मिटत म्हणाली. मग म्हणाली, "मला दिलता. एकदा."

"कधी?"

"आवंदा... न्हाई, मागच्या साली. दसऱ्याच्या आदी. जिनिंगकडं नेलतं मला. म्हनले, पाडनार हायत, चल. तितं माझा फोटो काढला. मी म्हनलं, आता तुमी उबे ऱ्हावा. सारा जलम हितं राबले, अन् तुमचा एक फोटो नसावा का? लई नको नको केलं. मग कॅमेरा माझ्या गळ्यात घातला, म्हनले लेकरावानी धर. मी दाबलं. खट्ट वाजलं."

"मग तो फोटो कुठाय?"

"मला काय म्हाईत! रीळ आतच हाय की."

आम्ही कपाटाकडं धावलो. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कॅमेरा निघाला. त्याच्या पाठीला लाल काचेची बारीक खिडकी आहे, तिच्यातून रिळावरचा आकडा दिसतो. सात फोटो काढून झाले होते, पाच बाकी. म्हणजे बाबा आत होते! घरात, कपाटात, लुगड्यात गुंडाळलेले, वर्षभर.

"उघडून बघू," दादा म्हणाला आणि त्यानं खटका दाबायला अंगठा नेलासुद्धा.

"अरे ए! उजेड लागला तर सगळं जाईल!" मी असा ओरडलो की शेजारचे बघायला आले.

त्याचा परिणाम एवढाच झाला की आईनं उजेडाचा धसका घेतला. कपाटाच्या फटीतून उजेड जातो म्हणून तिनं कॅमेरा ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवला. मी विचारलं, "आई, दे तो, पुण्याला धुवायला पाठवू." तर म्हणे, "रीळ संपल्याबिगर धुवायला द्यायचं न्हाई. त्यांनी कदी दिलं का? पाच फोटो वाया घालवशील?"

आता पाच फोटो म्हणजे काय मोठी गोष्ट! मी म्हणालो, मी संपवतो. कोठीतून कॅमेरा काढला, रीळ फिरवायच्या किल्लीत अडकलेले ज्वारीचे दाणे सुईनं काढले आणि रविवारी सकाळी गावात निघालो. बाबांच्या राहिलेल्या जागा आपण काढू, असं मनात आलं. जुन्या सरायीची कमान. हळदीच्या बाजारामागचं दगडी गोदाम. पाण्याची जुनी टाकी. एक दार नसलेलं दुकान, ज्याची फक्त फळीवरची रंगीत अक्षरं राहिलीत. वरून काचेत बघताना काय सांगू, पडकी भिंतसुद्धा देखणी दिसते! पोपडे, गंज, वाळलेलं शेवाळ, सगळं उजळ. एवढ्या वर्षांनी मला कळलं की बाबा मान खाली घालून इतका वेळ काय बघायचे. गोदामासमोर तर माझे डोळे भरून आले. चार फोटो काढले. चारही मनासारखे.

घरी आलो. दादानं कॅमेरा हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, "राहुल, हे खालच्या डोळ्यावर झाकण कशाचं हाय?"

झाकण टॉनिकच्या बाटलीचं होतं. मूळचं हरवलं म्हणून बाबांनी आतून मखमल लावून बसवलेलं, अगदी घट्ट. बघायचा डोळा उघडा आणि काढायचा डोळा बंद! मी चारही फोटो झाकणाच्या आतल्या मखमलीचे काढले होते.

"तू पोरांला काय शिकवतो रे?" दादानं विचारलं.

"प्रकाश," मी म्हणालो.

त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी फारसं बोललं नाही. आई एवढंच म्हणाली, "आता एकच ऱ्हायला. त्यो मी सांगीन तितं काढायचा." कुठं ते तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती.

ते पुढच्याच आठवड्यात कळलं. दादा बाजारातून धावत आला. "जिनिंगवर जेसीबी आलंय! मागचं शेड पाडलं बी!"

आईनं चुलीवरचा तवा उतरवला, पांढरं पातळ नेसली आणि कॅमेरा पोटाशी धरून ऑटोत जाऊन बसली. वर्षाची दवाखान्यात ड्यूटी होती, वहिनी माहेरी. मी म्हटलं, थांबू का त्यांच्यासाठी? आई म्हणाली, "सुना-नातवंडांचे फोटो मोबाईलमदी ढिगानं हायत. ह्या रिळात आपल्या चौघांचाच पायजे."

चौघांचा, असं ती म्हणाली होती. आमच्या दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

जिनिंगचं पुढचं फाटक तेवढं उभं होतं. मागं नुसता धुरळा. आई फाटकासमोर उभी राहिली, तिच्या बाजूला दादा. मी कॅमेरा पोटाशी धरला, या वेळी झाकण आधी काढलं, दोनदा चाचपून बघितलं. आणि दादाच्या लक्षात आलं, "अरे, तूबी पायजेस की ह्याच्यात! थांब." तो जेसीबीवाल्याला घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला गमछा, दात कोरत आला.

"ह्यो चौथा," दादा म्हणाला.

"मग फोटो कोण काढणार?"

"तू."

"मग मी नाही फोटोत. आई, तू आणि हे. तीन झाले."

"मग हे काढतील."

"मग आई, तू, मी. तीन!"

"मग अजून एकाला बोलवू."

"मग त्यानं उभं राहायचं, का त्यानं काढायचं?"

दादा बोटं मोजायला लागला. भरलेल्या गाडीत माणसं मोजणारा कंडक्टर तो, आणि चार माणसांत अडकला! जेसीबीवाला कंटाळून म्हणाला, "साब, आप लोग हैं कितने?"

"तेच तर समजून न्हाई राहिलं!" दादा त्याच्यावरच खेकसला.

"आपून चौघंच हाओत," आई म्हणाली.

ती एक पाऊल बाजूला सरकली होती. तिच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा तिनं मोकळी सोडली होती. "हितं त्ये. दादा, तू त्यांच्या पल्याड. राहुल, तू माझ्या ह्या अंगाला. मधी घुसू नका त्यांच्या."

 दादा त्या मोकळ्या जागेच्या पलीकडं जाऊन उभा राहिला. मग तिथून आणखी थोडा सरकला.

"काहून रे?" आईनं विचारलं.

"त्यांना कोपर काढून उभं ऱ्हायची सवय हाय," दादा म्हणाला, "जागा लागंल." आणि एवढं बोलून तो लहान लेकरासारखा हमसून रडायला लागला. बाबांना पोचवून आलो त्या दिवशीही तो रडला नव्हता. मला तर त्याच्याकडं बघवेना.

आई म्हणाली, "पूस डोळे. फोटोत रडकं येऊ नको. त्यांना आवडत न्हाई."

मी डोळे पुसून जेसीबीवाल्याच्या गळ्यात कॅमेरा घातला. वरून बघा. दिसेल ते उलटं दिसेल. आम्ही उजवीकडं गेलो असं वाटलं तर तुम्ही डावीकडं जायचं नाही, उजवीकडं जायचं. म्हणजे तुम्हाला जे उजवं वाटतं ते आमचं... माझं भाषण दादानंच थांबवलं. जेसीबीवाला म्हणाला, "फिकर मत करो साब. मैं तो दिनभर रिवर्सच मारता हूँ."

त्यानं मान खाली घातली. एकदा डावीकडं सरकला, एकदा उजवीकडं. खट्ट!

निघताना आई त्याला म्हणाली, "दादा, आमी गेल्यावर पाडा." त्याला मराठी किती कळली कोण जाणे. पण आमचा ऑटो रस्त्याला लागेपर्यंत त्यानं इंजिन सुरू केलं नाही. आई मागं वळून बघत नव्हती.

रीळ पुण्याला पाठवलं. दादाचं म्हणणं होतं, एसटीनंच पाठवू, ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याला सांगतो अंधारात ठेव म्हणून. शेवटी कुरिअरनं गेलं, पण आईनं ते काळ्या कापडात, मग काळ्या पिशवीत आणि मग परत लुगड्याच्या तुकड्यात बांधलं. तिकडच्या माणसाचा फोन आला, "सर, आत नक्की रीळच आहे ना?" मग पंधरवडा वाट बघणं. आई रोज विचारायची, "आले का ते?" फोटो आले का, असं ती एकदाही म्हणाली नाही.

एका संध्याकाळी ते कॉम्प्युटरवर आले. सगळे बसले. आईनं उठून खिडक्या लावल्या, पडदे ओढले. "उजेड लागंल." आता उजेडानं काही होत नाही, हे सांगायची कुणाची इच्छा झाली नाही. आम्ही अंधारात बसलो.

पहिले बाबांचे. टॉकीजची तिकिटाची खिडकी. जुन्या पोस्टाची पायरी, मधोमध झिजलेली. कचेरीचा जिना. काय फोटो होते! मग जिनिंगसमोर आई, पदर नीट करताना. आणि मग सातवा. आईनं काढलेला.

जिनिंग मस्त आली होती. एकदम मधोमध, सरळ. फाटकाचा गंजसुद्धा मोजून घ्यावा. कडुलिंबाचं पान न् पान. फक्त बाबा नव्हते.

 वर्षानं आईचा हात धरला. मी सगळं समजलो होतो: काचेत बाबा एका बाजूला दिसले, त्यांना मधे घ्यायला आई वळली, ती उलट्या अंगाला. शहाण्यासुरत्याचीसुद्धा पहिल्या वेळी हीच गत होते. पण हे आता कुणाला सांगून काय उपयोग होता?

"हायत की!" आई एकदम ओरडली. "आरं, बगा की नीट! हितं!"

फोटोच्या उजव्या कडेला, अगदी काठावर, एक कोपर होतं. बाहीच्या दोन घड्या घातलेलं, कमरेवर हात ठेवल्यावर बाहेर येतं तसं टोकदार.

"त्यांचंच हाय. चौकड्याचा शर्ट. बाहीला मी शिवन घातलेली, ही बग! दुसऱ्या कुनाचं आसंल आसं कोपर?" आई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तिनं पडद्यावर त्या कोपरावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं. "आलेत ते. मी काडला आन् आलेत."

बऱ्याच वेळानं दादा म्हणाला, "पुढचे बघू."

पुढचे चार काळेभोर.

"ह्ये कशाचे?" आईनं विचारलं.

"माझे," मी म्हणालो.

"चांगले आलेत," दादा म्हणाला. "मखमल ओळखू येती."

आणि शेवटचा, जेसीबीवाल्यानं काढलेला. फाटक. दादा, डोळे लाल. मग मोकळी जागा, कोपरासकट पुरेल एवढी. मग आई, ताठ उभी. आणि आईच्या शेजारी, उजव्या काठावर, एक कोपर.

माझं! मला कळलंच नव्हतं की मी कमरेवर हात ठेवून उभा होतो.

"एवढी बोटं मोजून तुला फोटोत घेतलं," दादा म्हणाला, "अन् तू बी बाबासारखा जिनिंगमदी गेलास."

स्मृतिदिनासाठी सातवा फोटो मोठा करायला टाकला. फ्रेमवाल्यानं मन लावून बघितला आणि म्हणाला, "सर, फोटो भारी आहे. फक्त हे कोणाचं तरी कोपर आलंय मधेच. कापून टाकू? क्लीन दिसेल." मी त्याच्या दुकानात जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही.

स्मृतिदिनाला वंदना झाली, लोकांनी जिनिंगला फुलं वाहिली. काहींनी मागाहून मला बाजूला घेऊन विचारलंच. पण आईनं कुणाला काही सांगितलं नाही. ती रोज सकाळी पदरानं काच पुसते, उजवा काठ जरा जास्त वेळ. हळदीला काय भाव लागला, नातीला कितवा नंबर आला, ते त्या काठाला सांगते. मी दाराआडून ऐकलंय. आणि पुसून झालं की हार नीट करते, कारण हार फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी खाली येतो आणि नेमका बाबांवर पडतो.

माझ्या पोराला मी आत्ताच सांगून ठेवलंय: माझ्यामागं फोटो शोधत बसू नकोस. माझी सोय झाली आहे, बारावा फोटो काढून ठेवलाय. फ्रेमवाल्याला काही कापू देऊ नकोस, आणि हार तेवढा जरा डावीकडं सरकवून घाल.